कबूतर खाणं आणि रानातली शिकार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कबुतराच्या मांसाबद्दल काही लिहिलं की दोन प्रकारची पत्रं येतात. एकात पाककृती विचारलेली असते, दुसऱ्यात शिव्या असतात. दोन्हींतून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. शिव्यांतलेही घेतले आहेत, कारण त्यांतले काही प्रश्न चांगले आहेत.

१. कबूतर खरंच खातात? की ही दुष्काळातली जुनी गोष्ट आहे?

खातात, आणि सुबत्ता असतानाही. इजिप्तमध्ये भात किंवा भरडलेला हिरवा गहू पोटात भरून शिजवलेलं कबूतर पाहुण्यांसाठी करतात. मोरोक्कोच्या पास्तीयामध्ये पातळ पापुद्र्यांच्या आत बदाम आणि दालचिनीबरोबर परंपरेने कबुतराचंच मांस असतं, आणि वरून पिठीसाखर. दक्षिण चीनमध्ये ते अख्खं, कुरकुरीत तळतात. युरोपात त्याची जागा थोडी विचित्र आहे. ते शेतकऱ्याच्या स्वयंपाकघरात सापडतं आणि एकदम महागड्या हॉटेलात. मधल्या माणसाच्या बाजारपिशवीत मात्र नसतं. पत्रं बहुतेक या मधल्या माणसांचीच येतात.

२. कबूतर, पारवा, होला : नेमकं कोणतं खातात?

सगळे एकाच कुळातले. या कुळात तीनशेहून जास्त जाती आहेत. खाण्याच्या दृष्टीने तीन महत्त्वाचे. पहिला पारव्याचा पाळीव वंश, जो ढाबळीत वाढवतात. दुसरं युरोपातलं ‘वुड पिजन’. याला पुढे रानकबूतर म्हणू. पारव्यापेक्षा थोराड असतं, वजन साधारण अर्धा किलो, मानेवर पांढरा पट्टा. तिसरा अमेरिकेतला ‘मोर्निंग डव्ह’, आपल्या होल्याचा भाऊबंद. चौकात दाणे टिपणारं कबूतर या तिघांत धरू नका; ते प्रश्न ५ मध्ये आहे.

मराठीत पारवा आणि होला म्हटलं की निदान दोन वेगळे पक्षी डोळ्यांपुढे येतात. इंग्रजीतल्या ‘पिजन’ आणि ‘डव्ह’ या भेदाला शास्त्राचा आधार नाही. तरी एकाला घाण म्हणतात आणि दुसऱ्याला शांततेचं चिन्ह. १९४९ च्या पॅरिसच्या शांतता परिषदेसाठी पिकासोने जो ‘डव्ह’ दिला, तो पाहा: पायांवर झुबकेदार पिसं असलेलं, पाळलेलं कबूतर आहे ते.

३. चव कशी असते? कोंबडीसारखी?

नाही. ज्या मांसाची चव सांगता येत नाही त्याला ‘कोंबडीसारखं’ म्हणायची पद्धत आहे, पण इथे ती चालणार नाही. कोंबडी क्वचित उडते, म्हणून तिची छाती पांढरी. कबूतर तासन्‌तास उडतं. त्याच्या छातीच्या स्नायूंत प्राणवायू साठवणारं मायोग्लोबिन भरपूर असतं, म्हणून मांस गडद लाल, दाट आणि किंचित कलेजीच्या अंगाने जाणारं. ढाबळीतल्या पिल्लाचं मांस मऊ आणि चरबीचं, रानातल्याचं कोरडं आणि उग्र.

४. हॉटेलात मिळणारं कबूतर एवढं कोवळं कसं असतं?

कारण ते एकदाही उडालेलं नसतं. त्याला ‘स्क्वॉब’ म्हणतात: सुमारे चार आठवड्यांचं पिल्लू, अंगाने जवळपास आईबापांएवढं झालेलं, पण पंखांत अजून जोर नसलेलं. एवढी झपाट्याने वाढ होते त्याचं कारण कबुतराचं ‘दूध’. नर आणि मादी दोघांच्याही अन्नपिशवीच्या अस्तरातून पनीरासारखा, प्रथिनांनी आणि चरबीने भरलेला पदार्थ सुटतो आणि पहिले काही दिवस पिल्लाला तोच भरवतात. पक्ष्यांत ही सोय फार थोड्यांना आहे. फ्लेमिंगो त्यांतला एक.

याचा एक परिणाम असा, की कबूतरपालन कधी कोंबडीपालनाएवढं मोठं झालं नाही. कोंबडीचं पिल्लू अंड्यातून बाहेर येताच स्वतः टिपायला लागतं, त्याला यंत्राने वाढवता येतं. कबुतराच्या पिल्लाला आईबाप लागतातच, आणि एका विणीत अंडी दोनच.

५. शहरात एवढी कबुतरं आहेत. एखादं धरून खाल्लं तर?

खाऊ नका. जात तीच असली तरी आयुष्य वेगळं आहे. शहरातलं कबूतर रस्त्यावरचं काय काय टिपतं. त्याच्या शरीरात शिसं साठलेलं असू शकतं, कुणी टाकलेलं विषही असू शकतं, आणि ही दोन्ही कितीही शिजवली तरी जात नाहीत. जंतू शिजवल्यावर मरतात हे खरं, पण धोका शिजवण्याच्या आधीचा आहे: सिटॅकोसिससारखा आजार वाळलेल्या शिटीच्या आणि पिसांच्या धुळीतून, श्वासावाटे होतो. म्हणजे पिसं उपटतानाच.

६. मग निदान मारून संख्या तरी कमी करावी ना?

स्वित्झर्लंडच्या बाझेल शहराने हे करून पाहिलं आहे. १९६१ ते १९८५ या काळात तिथे सुमारे एक लाख कबुतरं मारली, आणि संख्या होती तिथेच राहिली. जेवढी मेली तेवढी जागा नव्या पिल्लांनी भरली, कारण दाणे तेवढेच पडत होते. १९८८ पासून शहराने लोकांना दाणे न टाकण्याबद्दल समजावायला सुरुवात केली, तेव्हा चारेक वर्षांत थवे जवळपास निम्मे झाले. शहरातल्या कबुतरांची संख्या दाण्यावर ठरते. बंदुकीचा तिच्याशी फारसा संबंध नाही.

७. रानातलं कबूतर तरी सुरक्षित आहे का?

बऱ्याच अंशी. शेतातलं धान्य आणि कोवळी पानं खाऊन वाढलेला पक्षी असतो. दोन गोष्टी मात्र बघाव्यात.

पहिली, चोच उघडून घसा पाहा. आत पिवळट, चिजासारखे गोळे दिसले तर तो ट्रायकोमोनास या परजीवीचा आजार. पक्षी टाकून द्या. दुसरी, शिसं. छर्ऱ्याच्या बंदुकीने मारलेल्या पक्ष्यात शिशाचे छर्रे राहतात, आणि छर्रा हाडावर आपटून त्याचे डोळ्यांना न दिसणारे कणही मांसात पसरतात. छर्रा काढून टाकला म्हणजे शिसं गेलं असं नाही. आंबट रश्शात किंवा व्हिनेगरमध्ये मुरवल्यावर ते जास्त विरघळतं. गरोदर बाया आणि लहान मुलं यांनी शिशाने मारलेलं मांस टाळावं. वाढत्या मेंदूसाठी शिशाची ‘सुरक्षित’ अशी मात्रा नाही. डेन्मार्कने शिशाचे छर्रे १९९६ मध्येच बंद केले. पोलादाचे वापरून तिथली शिकार चालू आहे, त्यामुळे ‘शिशाशिवाय शिकारच होणार नाही’ हा युक्तिवाद माझ्या गळी उतरत नाही.

८. साफ कसं करायचं आणि शिजवायचं कसं?

मोठ्या रानकबुतराचं बहुतेक मांस छातीत असतं. घाईतले शिकारी अख्खा पक्षी सोलत बसत नाहीत, नुसत्या छातीच्या दोन फोडी काढून घेतात. अख्खा करायचा तर पिसं कोरडीच उपटा, सहज निघतात. आतडी काढताना एक चिंता नाही: कबुतराला पित्ताशय नसतं, त्यामुळे कोंबडीसारखं पित्त फुटून मांस कडू होत नाही.

छाती आणि पाय एकत्र शिजवू नका. छाती जास्त शिजली की चामडं होते. पाय, विशेषतः म्हाताऱ्या पक्ष्याचे, मंद आचेवर दीड-दोन तास शिजल्याशिवाय दाद देत नाहीत. आचारी छाती आतून गुलाबी ठेवतात. अन्नसुरक्षेचा नियम म्हणतो की पक्ष्याचं मांस आतून ७४ अंश सेल्सियसला पोचलं पाहिजे. दोन्ही एकदम जमत नाही. घरात लहान किंवा आजारी माणूस असेल तर नियमाचं ऐका आणि मांस रश्शात टाका.

९. शेतकऱ्याचं कबुतराशी एवढं वैर का?

ब्रिटनमध्ये रानकबुतराच्या सुमारे ५० लाख जोड्या आहेत. हिवाळ्यात थंडीने बाकीचं काही उरत नाही, तेव्हा हे थवे मोहरीवर्गीय तेलबियांच्या कोवळ्या शेतात, कोबीत उतरतात, पुढे वाटाण्यात. पानं अशी ओरबाडतात की देठ तेवढे उभे राहतात. बुजगावणं दोन दिवस चालतं. आवाज करणाऱ्या गॅसच्या बंदुकीची सवय व्हायला आठवडा पुरतो.

पण वैराचं मूळ नुसत्या नासधुशीत नाही. नासधूस कोणाच्या कबुतरांनी केली हेही त्यात आहे. जुन्या फ्रान्समध्ये बऱ्याच ठिकाणी मोठी ढाबळ बांधायचा हक्क जमीनदाराचा होता. त्याची कबुतरं कुळाच्या पेरणीवर चरायची, मांस आणि खत जमीनदाराला, आणि कुळाने एक मारलं तर शिक्षा कुळाला. १७८९ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय सभेने सरंजामी हक्क मोडीत काढले, त्या ठरावाचं दुसरंच कलम ढाबळींचं आहे: हा हक्क रद्द, गाव ठरवील त्या काळात कबुतरं कोंडून ठेवावीत, त्या काळात बाहेर दिसलेलं कबूतर शिकार समजावं आणि आपल्या जमिनीवर ते मारायची प्रत्येकाला मुभा. तिसरं कलम शिकारीच्या हक्काचं. एवढ्या मोठ्या उलथापालथीत कबुतराला दुसरा नंबर मिळाला, यावरून राग किती मुरलेला होता ते कळतं.

१०. मग शहरातल्या माणसाला कबूतर मारण्याचा एवढा राग का येतो?

कारण त्याचं पीक कुणी खाल्लेलं नसतं. शहरात कबूतर एकेकटं भेटतं: गॅलरीत, खिडकीच्या चौकटीवर, अंडी घालताना. शेतकऱ्याला थवा दिसतो. एका पक्ष्याबद्दल दया येणं सोपं आहे, पाचशेंच्या थव्याबद्दल नाही.

शहरी भावनाही सरळ नसते. एकाच तोंडाने ‘बिचारं’ आणि ‘शी!’ दोन्ही निघतं. लंडनच्या ट्राफल्गार चौकात दाणे टाकण्यावर २००३ मध्ये बंदी आली तेव्हा एक बाजू घाणीबद्दल बोलत होती आणि दुसरी उपासमारीबद्दल. गावात कुणी कबुतरावर एवढं भांडणार नाही.

शिवाय मारणं दिसण्याचा प्रश्न आहे. शहरात मांस कापून, तोलून, चकचकीत वेष्टनात येतं. चेहरा मागेच राहिलेला असतो. शिकारीत तो चेहरा हातात असतो. कोंबडी खाणाऱ्याने कबुतराच्या शिकारीला क्रूर म्हणू नये असं मी म्हणत नाही, पण म्हणताना आपल्या ताटातली कोंबडी किती जागेत आणि किती दिवस जगली हे त्याला सांगता आलं पाहिजे.

११. म्हणजे गावातली माणसं शिकारीच्या बाजूची आणि शहरातली विरोधात, असं समजायचं?

इतकं सरळ नाही. महागडी बंदूक घेऊन शनिवार-रविवारी शेतात उतरणारे कित्येक जण शहरातून आलेले असतात, आणि बांधावर बंदुकीचा आवाज नको म्हणणारे शेतकरीही असतात. पक्षी पाळून न मारणारीही परंपरा आहे: इराणमध्ये इस्फहानभोवती मातीचे प्रचंड कबूतर-मनोरे उभे आहेत, ते मांसासाठी बांधलेच नव्हते. आतली शीट गोळा करून टरबूज-खरबुजांच्या मळ्यांना घालायची, एवढाच हेतू. तिथल्या शेतकऱ्याला जिवंत कबूतर जास्त मोलाचं होतं.

१२. मतदान घेऊन हा वाद मिटवता येत नाही का?

घेतलेलं आहे. स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हा या जवळपास सगळ्या शहरी कँटनने (म्हणजे प्रांताने) १९७४ मध्ये मतदानाने हौशी शिकार बंद केली. तिथे रानडुकरं वाढली की आता सरकारी वनरक्षक मारतात. म्हणजे मारणं थांबलं नाही, मारणारा बदलला. अमेरिकेत मिशिगन राज्याने २००६ मध्ये होल्याच्या शिकारीला मतदानात साफ नकार दिला. शेजारच्या विस्कॉन्सिनची गंमत अशी, की १९७१ मध्ये त्यांनी याच पक्ष्याला राज्याचं शांततेचं प्रतीक ठरवलं आणि २००३ पासून त्याची शिकारही सुरू केली. माल्टात २०१५ मध्ये वसंतातल्या शिकारीवर सार्वमत झालं, तेव्हा शिकार चालू ठेवणारे ५०.४ टक्क्यांनी जिंकले. एवढ्या फरकाने निकाल लागला, की भांडण मिटलं असं हरणारा काय, जिंकणाराही म्हणत नाही.

१३. शिकारीमुळे कबुतरं नामशेष होतात का?

झाली आहेत. उत्तर अमेरिकेतलं ‘पॅसेंजर पिजन’ एके काळी तीन ते पाच अब्ज असावं असा अंदाज आहे. थवा जाताना सूर्य झाकायचा. त्यांतली शेवटची मादी, मार्था, १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेली.

याचं खापर खेड्यातल्या शिकाऱ्यावर फोडलं जातं. गावच्या माणसाने पिढ्यान्‌पिढ्या ते खाल्लं आणि पक्षी उरले. चित्र पालटलं ते तारेने आणि रेल्वेने. विणीची वसाहत कुठे बसली आहे ही बातमी तारेने पोचायची, धंदेवाईक शिकारी आगगाडीने यायचे, आणि पिंपांत भरलेले पक्षी न्यूयॉर्क-शिकागोच्या बाजारात जायचे. १८७८ मध्ये मिशिगनमधल्या पेटोस्कीजवळच्या प्रचंड वसाहतीची अशीच कत्तल झाली. जंगलतोडही त्याच काळात चालू होती. बंदूक खेड्यात होती, गिऱ्हाईक शहरात.

आज युरोपातला ‘टर्टल डव्ह’ होला २०१५ पासून धोक्यातल्या जातींच्या जागतिक यादीत असुरक्षित गणला जातो. रानकबूतर मात्र वाढतंय. ‘कबुतराची शिकार’ असा एकच प्रश्न करून उत्तर मागू नका, जात सांगा.

१४. पोटासाठी शिकार आणि मौजेसाठी शिकार, फरक कसा करायचा?

माणूस करतो, कायदा वेगळाच करतो. इंग्लंडमध्ये रानकबूतर ‘खायला हवं’ किंवा ‘नेमबाजीची हौस आहे’ म्हणून मारता येत नाही. पिकाचं गंभीर नुकसान टाळण्यासाठीच, सर्वसाधारण परवान्याच्या (वेगळा अर्ज न करता सगळ्यांना लागू असलेल्या परवान्याच्या) अटींखाली मारता येतं. एकदा तसं मारल्यावर मात्र ते खाता येतं, विकताही येतं. म्हणजे हॉटेलातलं रानकबूतर कागदोपत्री पीकरक्षणाचं उप-उत्पादन आहे. हौस तिथे नसतेच असं कोणी शपथेवर सांगणार नाही.

एप्रिल २०१९ मध्ये ‘वाइल्ड जस्टिस’ या वन्यजीवांसाठी लढणाऱ्या गटाच्या कायदेशीर आव्हानानंतर हे परवाने अचानक मागे घेतले गेले. ऐन पेरणीच्या दिवसांत. शेतकरी खवळले, गटाच्या संस्थापकांपैकी एक, निसर्गविषयक कार्यक्रम करणारे ख्रिस पॅकम, यांच्या फाटकावर कुणीतरी मेलेले कावळे टांगले. नंतर नवे परवाने निघाले.

१५. ढाबळीतलं कबूतर खाणं बरं की रानातलं मारलेलं?

माझं मत विचारत असाल तर रानातलं, शिशाशिवाय, आणि मुबलक असलेल्या जातीचं. तो पक्षी मरेपर्यंत पक्ष्यासारखा जगलेला असतो. उलट बाजूही खरी आहे: नेम चुकला तर जखमी पक्षी कुठेतरी झुडपात दोन दिवस तडफडतो, ढाबळीत तसं होत नाही. बंदुकीशिवायची पद्धतही आहे. स्पेनच्या नवारा प्रांतात एचालार इथे शरद ऋतूत खिंडीतून जाणाऱ्या थव्यांवर मनोऱ्यांवरून पांढऱ्या लाकडी फळ्या भिरकावतात. ससाणा आला समजून थवा खाली झेपावतो आणि जाळ्यांत शिरतो.

१६. रानात दिसलेलं कबूतर कुणाचंच नसतं, बरोबर?

या समजुतीने चार माणसं फासावर गेली. १३ जून १९०६ रोजी नाईलच्या त्रिभुज प्रदेशातल्या देनशवाय गावात काही ब्रिटिश अधिकारी कबुतरं मारायला गेले. त्यांना तो खेळ वाटला. कबुतरं गावकऱ्यांची, पाळलेली होती. बाचाबाचीत गोळी सुटली, गावातली एक स्त्री जखमी झाली, गावकऱ्यांनी अधिकाऱ्यांना मारहाण केली. त्यांतला एक मदतीसाठी भर उन्हात पळाला आणि उष्माघाताने मेला. खास न्यायालय बसवून चार गावकऱ्यांना फाशी दिली, इतरांना फटके आणि तुरुंगवास. इजिप्तभर आणि ब्रिटनमध्येही संताप उसळला, आणि पुढच्या वर्षी इजिप्तचा कारभार चालवणारे ब्रिटिश प्रतिनिधी लॉर्ड क्रोमर यांनी पद सोडलं.

तेव्हा पाळीव आणि रानटी यांत शंका असेल तिथे बंदूक खाली. पायात वाळा दिसला तर शंकाही नको. प्रश्न १९ पाहा.

१७. माझ्याकडे कायदा काय म्हणतो?

तिथल्या वनखात्याला विचारा, ओळखीच्या शिकाऱ्याला नको. देशागणिक नियम उलटेपालटे आहेत. अमेरिकेत चौकातलं कबूतर परदेशी जात म्हणून १९१८ च्या स्थलांतरित पक्षी कायद्यात येत नाही, पण त्याच्या शेजारी बसलेला होला येतो. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे रानटी पक्ष्यांची शिकार जवळजवळ सरसकट बंद आहे.

१८. गावाकडच्या घरी पाहुणा म्हणून गेलो आणि ताटात कबूतर आलं. नाही म्हटलं तर अपमान होईल का?

‘मी खात नाही’ म्हटल्याने कुणाचा अपमान होत नाही. ‘तुम्ही हे कसं खाता?’ म्हटल्याने होतो. खाणार असाल तर घास सावकाश चावा; राहिलेल्या छर्ऱ्याने दाढ फुटलेले पाहुणे कमी नाहीत.

१९. गच्चीवर दमलेलं कबूतर बसलंय, पायात वाळा आहे, हलत नाही. काय करू?

ते शर्यतीचं कबूतर आहे, वाट चुकलेलं किंवा थकलेलं. ते कुणाच्या तरी मालकीचं आहे, आणि त्याला औषधं दिलेली असू शकतात, म्हणून खायचा विचार सोडा. पसरट भांड्यात पाणी ठेवा. कबूतर चोच बुडवून ओढून पितं, त्यामुळे पाणी बोटभर तरी खोल असू द्या. कच्चा तांदूळ किंवा डाळ चालते, पाव देऊ नका. मांजर येणार नाही एवढं बघा. वाळ्यावरचा क्रमांक आणि अक्षरं टिपून ठेवा. त्यांवरून शर्यतीच्या संघटनेमार्फत मालक सापडतो. पोटात दाणे गेले आणि रात्रभर विश्रांती मिळाली की बहुतेक वेळा सकाळी ते आपणच उडून जातं.